घरच्या गॅरेजमध्ये १३बी रोटरी इंजिन उघडले आहे. कोणते भाग परत वापरावेत?

हॅमिल्टनवासी

नमस्कार. मी न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे राहतो. व्यवसायाने संगणक क्षेत्रात असून यंत्रशाळेचे कोणतेही शिक्षण मी घेतलेले नाही. पिस्टनची दोन लहान इंजिने घरी उघडून पुन्हा चालू केली आहेत, एवढाच माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी मी १९८८ सालची माझदा आरएक्स-७ घेतली. ही दुसऱ्या पिढीची, म्हणजे एफसी या नावाने ओळखली जाणारी गाडी आहे आणि तिच्यात टर्बो नसलेले, सहा पोर्टांचे (हवा आत घेणाऱ्या सहा वाटांचे) १३बी इंजिन आहे; त्यात पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरतात.

गेल्या हिवाळ्यात गाडी सकाळी सुरू केली की काही वेळ पांढरा, गोडसर वासाचा धूर येऊ लागला, रेडिएटरमधील कूलंट दर आठवड्याला कमी होऊ लागले आणि झाकण उघडे ठेवून इंजिन चालवले असता पाण्यात सतत बुडबुडे दिसू लागले. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बरीच वर्षे नळाचे साधे पाणी वापरले असावे, असे आतील गंजावरून वाटते. इंजिन काढण्यापूर्वी मी रोटरीसाठीचा वेगळा कॉम्प्रेशन टेस्टर भाड्याने आणला, कारण पिस्टनच्या इंजिनाचा साधा टेस्टर रोटरभोवतीच्या तीन कप्प्यांपैकी सर्वांत मोठा आकडाच दाखवून थांबतो. मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबाने पुढच्या रोटरचे आकडे ६.८, ६.७ आणि ६.९ आले, तर मागच्या रोटरचे ६.५, ६.४ आणि ४.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आले. पुस्तिकेनुसार किमान ६.० हवे आणि एकाच रोटरच्या कप्प्यांमधील फरक १.५ पेक्षा अधिक नसावा.

आता इंजिन पूर्ण सुटे झाले आहे. मागच्या साइड हाउसिंगवर (रोटरच्या बाजूला झाकणासारख्या बसणाऱ्या भागावर) कूलंट सीलची जी खाच असते, तिची ज्वलनकक्षाकडील पातळ भिंत स्पार्क प्लगच्या बाजूला सुमारे १५ मिलिमीटर लांबीपर्यंत गंजून गेलेली आहे. मागच्या रोटर हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या कवचाच्या) कडेला क्रोमचा थर सुमारे १ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर लांब इतका उडालेला आहे. साइड सील (रोटरच्या बाजूंवरील पट्ट्या) जिथे घासतात तिथे पायरीसारखी झीज आहे. फीलर गेजने मोजली असता ती पुढच्या हाउसिंगवर ०.०४, मधल्यावर ०.०७ आणि मागच्यावर ०.०६ मिलिमीटर भरली. तिन्हींचा सपाटपणा ०.०२ मिलिमीटरच्या आत आहे.

गंजलेली भिंत उच्च तापमान सोसणाऱ्या इपॉक्सीने भरून काढता येईल का, क्रोम उडालेले हाउसिंग परत वापरावे का, आणि झीज मर्यादेच्या आत असली तरी साइड हाउसिंग यंत्रावर घासून सपाट करून घ्यावीत का, याबद्दल अनुभवी सभासदांचे मत हवे आहे. सीलचा पूर्ण नवा संच घेण्याइतके पैसे बाजूला ठेवले आहेत, परंतु सर्व हाउसिंग नवी घेणे मला शक्य नाही.

मोजपट्टी

मी पुण्यातील भोसरीच्या एका टूलरूममध्ये तीस वर्षे तपासणी विभागात काम केले. रोटरी इंजिन मी स्वतः कधी उघडलेले नाही, त्यामुळे मी केवळ मोजमापाबद्दल लिहितो. मात्र आपल्या तिन्ही प्रश्नांपैकी निदान एकाचे उत्तर मोजमापावरच अवलंबून आहे.

फीलर गेजने ०.०७ मिलिमीटरची पायरी मोजली असे आपण लिहिले आहे. स्ट्रेट एजखाली पाती सरकवताना ती "अडकली" की "सरकली" हे हाताच्या जाणिवेवर ठरते आणि सवय नसलेल्या हाताची चूक सहज ०.०२ मिलिमीटरपर्यंत जाते. पायरीची मर्यादा ०.१० आहे, म्हणून आपला भाग बहुधा सुरक्षित आहे. परंतु "बहुधा" या शब्दावर इंजिन बंद करू नये. एक लिव्हर प्रकारचा डायल गेज घ्यावा, त्याचा आधार हाउसिंगच्या न घासलेल्या सपाट भागावर टेकवावा, सुई न घासलेल्या जागी शून्यावर आणावी आणि मग आधार न उचलता टोक हळूहळू पायरीवरून खाली न्यावे. एकाच जागी तीन वेळा मोजावे. तीन आकड्यांमध्ये ०.०१ पेक्षा अधिक फरक पडत असेल, तर आधाराखाली कार्बनचा किंवा जुन्या सीलंटचा कण आहे असे समजून पुन्हा स्वच्छ करावे. तपासणी विभागात आलेल्या नव्या मुलांना मी पहिला आठवडा केवळ भाग पुसायला लावत असे, कारण चुकीच्या मोजमापांतील निम्मी मोजमापे घाणीमुळे चुकलेली असतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरे असे की, भाग घरात किमान एक रात्र ठेवून मग मोजावेत. साइड हाउसिंग बिडाची आहेत आणि रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचे आहे. एकाच तापमानबदलाला ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. थंडगार गॅरेजमधून उचलून हिटरशेजारी ठेवलेल्या भागाचे माप काहीच सांगत नाही.

आपल्या प्रश्नामुळे मी या इंजिनाची भूमिती कागदावर मांडून पाहिली आणि त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. १३बीमध्ये रोटरच्या केंद्रापासून टोकापर्यंतची त्रिज्या १०५ मिलिमीटर आणि शाफ्टची उत्केंद्रता १५ मिलिमीटर आहे. त्या हिशेबाने अपेक्स सील (रोटरच्या टोकावरील पट्टी) हाउसिंगच्या पृष्ठभागाशी सतत काटकोनात न राहता दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत कलते. म्हणजे ती सील एका धारेवर घासत नाही, तर तिच्या गोलसर माथ्याची जागा सतत बदलत राहते. त्यामुळे जुनी अपेक्स सील केवळ उंची मोजून स्वीकारू नये. तिच्या माथ्याची गोलाई आणि लांबीभर सरळपणा या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. आपण नवा संच घेणार आहात, हे उत्तम आहे.

ब्रिस्बेनकर

मोजपट्टी यांनी मोजमापाबद्दल लिहिलेले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. मी गेल्या अकरा वर्षांत माझ्या आणि मित्रांच्या गाड्यांची सहा इंजिने घरच्या गॅरेजमध्ये बांधली. त्यांतील दुसरे इंजिन नऊशे किलोमीटरवर पुन्हा उघडावे लागले आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम गंजलेल्या भिंतीबद्दल. ते मागचे साइड हाउसिंग बाजूला ठेवावे आणि परत वापरू नये. माझ्या त्या दुसऱ्या इंजिनात नेमकी हीच जागा मी इपॉक्सीने भरली होती. ती भिंत एका बाजूने ज्वलनाचा दाब आणि दुसऱ्या बाजूने कूलंट यांच्यामध्ये उभी असते. तिथले तापमान प्रत्येक वेळी इंजिन गरम आणि थंड होताना वर-खाली होते आणि बीड व इपॉक्सी यांचे प्रसरण सारखे नसते. भराव आठ-नऊशे किलोमीटर टिकला आणि मग एका सकाळी तोच पांढरा धूर पुन्हा आला. १९८६ पूर्वीच्या इंजिनांत ही खाच ॲल्युमिनियमच्या रोटर हाउसिंगमध्ये असे. आपल्या पिढीपासून ती बिडाच्या साइड हाउसिंगमध्ये आली. म्हणूनच साध्या पाण्याने आलेला गंज आपल्याकडे थेट त्या पातळ भिंतीला खातो.

वापरलेले, परंतु निरोगी मागचे हाउसिंग शोधणे कठीण नाही, कारण न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग अजूनही मिळतात. ते घेताना टर्बो इंजिनाचे घेऊ नये. आपल्या इंजिनात मधल्या हाउसिंगवर प्राथमिक पोर्ट आणि दोन्ही टोकांच्या हाउसिंगवर दुय्यम व सहायक असे दोन-दोन पोर्ट असतात. टर्बोच्या हाउसिंगवर सहायक पोर्ट नसतात. विक्रेत्याकडून खाचेच्या संपूर्ण परिघाची जवळून काढलेली छायाचित्रे मागवावीत आणि छायाचित्रे देण्यास कोणी टाळाटाळ केली तर तो भाग सोडून द्यावा. मागचा स्टेशनरी (न फिरणारा) गिअर बोल्टने बसवलेला असतो आणि त्यातच मुख्य बेअरिंग असते. आपल्या बेअरिंगवर खालचा तांब्याचा रंग दिसत नसेल, तर आपलाच गिअर नव्या हाउसिंगवर चढवावा आणि त्याची ओ-रिंग मात्र नवी घालावी.

आता कॉम्प्रेशनच्या आकड्यांबद्दल, कारण त्यात आपल्या इंजिनाने स्वतःच एक गोष्ट सांगितली आहे. अपेक्स सील दोन कप्प्यांच्या मध्ये असते, म्हणून ती निकामी झाली की शेजारचे दोन्ही कप्पे उतरतात. आपल्याकडे मागच्या रोटरचा एकच कप्पा ४.८ वर आला आहे. याचा अर्थ त्या एका बाजूची साइड सील कार्बनमध्ये अडकून बसली असण्याची शक्यता अधिक आहे. तो रोटर अजून साफ केला नसेल, तर त्या बाजूच्या सीलच्या सहाही जागा बोटाने दाबून पाहाव्यात. जी सील दाबली असता परत वर येत नाही, तीच दोषी. कार्बन काढताना खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालू नये. जुन्या सीलचा तुकडा हेच त्या खाचेसाठी सर्वांत योग्य हत्यार आहे.

साइड हाउसिंग घासून सपाट करण्याच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: मर्यादेच्या आत असेल तर हात लावू नये. त्या पृष्ठभागाचा वरचा थर नायट्रायडिंगने कठीण केलेला असतो आणि घासल्यावर तो जातो. शिवाय आपल्या पिढीत कूलंट सीलची खाच याच पृष्ठभागात असल्यामुळे जितके घासाल तितकी खाच उथळ होते आणि नवी सील ठरल्यापेक्षा अधिक चेपली जाते.

डिअरबॉर्नकर

मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो आणि माझ्याकडे याच पिढीची, १९९१ सालची गाडी आहे. क्रोमच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहितो.

रोटर हाउसिंगच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियममध्ये पोलादी पत्रा ओतून बसवलेला असतो आणि त्यावर कठीण क्रोमचा थर असतो. सिलिंडर जसा होन करून नवा करता येतो, तसा हा पृष्ठभाग घरी नवा करता येत नाही. म्हणून या इंजिनाच्या फेरबांधणीत सर्वांत मोठा खर्च कशावर होणार, हे बहुतेक वेळा इथेच ठरते. उडालेल्या भागाच्या सीमेवरून नख फिरवावे. कडेचा १ मिलिमीटर गेलेला असेल आणि सीमा नखाला लागत नसेल, तर मी ते हाउसिंग निःशंकपणे वापरतो; माझ्या सध्याच्या इंजिनात तसेच एक आहे. नख अडकत असेल, किंवा क्रोम कडेपासून आत, अपेक्स सीलच्या मार्गाच्या मध्यभागी उडालेला असेल, तर नव्या सील त्यावर घालणे म्हणजे त्या सील वाया घालवणे होय.

पृष्ठभागावर आडव्या लाटांसारख्या खुणा आहेत का, हेही पाहावे. १९६० च्या दशकाच्या आरंभी हिरोशिमामध्ये केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी हे इंजिन टिकाऊ करण्याचा प्रयत्न करत होते, तेव्हा अपेक्स सीलच्या थरथरीमुळे उमटणाऱ्या या खुणांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सीलचा पदार्थ आणि रचना बदलून त्यांनी तो प्रश्न सोडवला आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. आपल्या हाउसिंगवर अशा खुणा दिसल्या, तर मात्र नखाच्या परीक्षेवर विसंबू नये.

एका बाबतीत मी ब्रिस्बेनकरांच्या पुढे जाईन. रोटरच्या बाजूवर तेल अडवणाऱ्या ऑइल कंट्रोल रिंगच्या मागील रबरी रिंगा वयाने कडक होतात आणि मग इंजिन निळा धूर सोडते. त्या आठही जागी नव्या घालाव्यात. पोलादी रिंगच्या घासणाऱ्या ओठाची रुंदी ०.५ मिलिमीटरपेक्षा अधिक झाली असेल, तर ती रिंगही बदलावी. अनेक जण रिंगा परत वापरतात, कारण त्या महाग आहेत. परंतु पुन्हा इंजिन उतरवण्याचे श्रम लक्षात घेता ही काटकसर मला पटत नाही.

हॅमिल्टनवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या तीन आठवड्यांत झालेले काम कळवतो.

कार्यालयातील एका सहकाऱ्याकडून लिव्हर डायल गेज मिळाला. मधल्या हाउसिंगची पायरी तीनही वेळा ०.०५ भरली, म्हणजे फीलर गेजने मी ०.०२ मिलिमीटर जास्त मोजत होतो आणि मोजपट्टी यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. पुढचे आणि मधले हाउसिंग तसेच ठेवत आहे. क्रोमच्या सीमेवर नख अडकत नाही आणि लाटांच्या खुणाही नाहीत. मागच्या रोटरवर खरोखरच एक साइड सील पूर्णपणे अडकलेली होती. ती निघण्यासाठी दोन दिवस कार्बन काढण्याच्या द्रवात ठेवावी लागली. टर्बो नसलेल्या गाडीचे मागचे हाउसिंग ऑकलंडहून मिळाले असून त्याची खाच संपूर्ण परिघात अखंड आहे.

आता अडचण नव्या साइड सीलची आहे. त्या किंचित लांब येतात आणि घासून बसवाव्या लागतात. कॉर्नर सीलपाशी (रोटरच्या कोपऱ्यातील सीलपाशी) अंतर ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर हवे, असे पुस्तिका सांगते. एका सीलमध्ये माझ्याकडून ०.१८ झाले. ती चालेल का? आणि जुळवणीत नवख्या माणसाची चूक कुठे होते, हेही कृपया सांगावे.

ब्रिस्बेनकर

०.१८ झालेली सील बाजूला ठेवावी आणि एक सुटी सील मागवावी. वापरलेल्या इंजिनासाठी मर्यादा ०.४० पर्यंत असली, तरी ती झिजण्यासाठी दिलेली जागा आहे. नव्या बांधणीत ती आधीच खर्च करू नये. बारीक कानशीने एका वेळी दोन-तीन हलके हात मारावेत, प्रत्येक वेळी सील तिच्याच खाचेत आणि तिच्याच कॉर्नर सीलसोबत बसवून फीलर गेजने पाहावे, आणि ०.०५ ची पाती घट्ट सरकू लागली की थांबावे. बाराही सील त्यांच्या जागेच्या क्रमांकासह वेगवेगळ्या पाकिटांत ठेवाव्यात, कारण एका जागेसाठी घासलेली सील दुसऱ्या जागी बरोबर बसेलच असे नाही.

जुळवणी करताना सर्व सील पेट्रोलियम जेलीने जागेवर धरून ठेवाव्यात. अपेक्स सीलच्या टोकाचा लहान त्रिकोणी तुकडा सर्वांत आधी हरवतो. त्याला झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक अगदी छोटा ठिपका लावून मुख्य तुकड्याशी जोडावे, पहिल्या उष्णतेत तो गोंद जळून जातो. मधले हाउसिंग चढवताना शाफ्ट सुमारे २५ मिलिमीटर वर उचलून धरावा लागतो, अन्यथा ते खाली उतरत नाही. हे काम एकट्याने करू नये. एकाने शाफ्ट धरावा आणि दुसऱ्याने हाउसिंग सरळ खाली आणावे. टेन्शन बोल्ट (सर्व हाउसिंग एकत्र आवळणारे लांब बोल्ट) पुस्तिकेतील क्रमाने, तीन टप्प्यांत घट्ट करावेत.

नवख्या माणसाची चूक नेमकी कुठे होते, याचे माझे उत्तर पुढच्या टोकाची सुईबेअरिंगे हे आहे. पुढचा बोल्ट घट्ट करण्याच्या क्षणी स्पेसर जागेवरून घसरला की बेअरिंग खाली उतरते आणि प्लेटच्या कडेखाली चेपले जाते. बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून तो बोल्ट पूर्ण घट्ट होईपर्यंत इंजिनाचे पुढचे टोक वर ठेवावे आणि नंतर लगेच, पुढचे कव्हर व ऑइल पॅन यांचा विचार करण्याआधी, शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे हलण्याची मोकळीक) डायल गेजने मोजावा. तो ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर यायला हवा आणि ०.०९ ही शेवटची मर्यादा आहे. मागचे हाउसिंग बदलल्याने हा आकडा बदलत नाही, कारण तो पुढच्या बाजूच्या स्पेसरवर ठरतो. म्हणून आपल्याकडे आकडा शून्याच्या जवळ आला किंवा शाफ्ट हाताला जड लागला, तर बेअरिंग चेपले आहे असेच समजावे, बोल्ट सोडावा आणि बेअरिंग तपासावे. फ्लायव्हीलच्या ५४ मिलिमीटरच्या नटचेही लिहितो: तो काढताना आपल्याला जेवढा त्रास झाला असेल, तेवढ्याच बळाने तो पुन्हा बसवायचा आहे. त्यासाठी पुरेशा क्षमतेचा टॉर्क रेंच भाड्याने आणावा.

आपल्या १९८८ च्या गाडीत ज्वलनकक्षात तेल सोडणारा पंप यांत्रिक आहे आणि त्याच्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या वयाने ठिसूळ होतात. इंजिन बाहेर आहे तोवर त्या बदलाव्यात. पहिल्या टाकीत मी प्रत्येक लिटर पेट्रोलमागे सुमारे ८ मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मिसळतो. इंधनपंपाचा फ्यूज काढून आधी तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, मग फ्यूज लावावा. पेट्रोलियम जेली जळत असल्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटे दाट धूर येईल. त्याने घाबरून इंजिन लगेच बंद करू नये, कारण थंड रोटरी इंजिन सुरू करून तत्काळ बंद केले की ते पेट्रोलने ओले होते आणि पुन्हा सुरू होण्यास त्रास देते. गॅरेजचे दार उघडे ठेवावे, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे आणि नजर धुराकडे न ठेवता तेलाच्या दाबाच्या आणि तापमानाच्या काट्यांवर ठेवावी.

हॅमिल्टनवासी

सुटी सील आज मागवली आहे. ती येण्यास आठ दिवस लागतील. तोवर बाकीच्या अकरा सीलची अंतरे डायल गेजच्याच शिस्तीने, तीन-तीन वेळा, पुन्हा तपासतो. मधले हाउसिंग धरण्यासाठी शेजारच्या काकांनी रविवारी येण्याचे कबूल केले आहे. एंड प्लेचा आकडा मिळाला की तो इथे लिहीन आणि त्यानंतरच पुढचे कव्हर बसवीन.